तिकीट देव्हाऱ्यात, मुदत कॅलेंडरात

प्रश्न : ताई, मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला शेतकरी. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जातो. येताना स्टँडजवळच्या एका स्टॉलवरून महाराष्ट्र राज्य लॉटरीचं दिवाळी बंपरचं तिकीट घेतो. एकच घेतो, जास्त नाही. गेल्या दिवाळीचं तिकीट नेहमीसारखं देव्हाऱ्यात देवीच्या फोटोमागं ठेवलं आणि त्याचा फोटो काढून कोल्हापुरात नोकरीला असलेल्या भाच्याला पाठवला, 'निकाल बघ' म्हणून. 'मामा, नाही लागलं' असं त्यानं कळवलं. गुढीपाडव्याला देव्हारा घासायला काढला तेव्हा तिकीट हाताला लागलं. धाकट्या लेकीनं सहज मोबाईलवर निकाल काढला, तर शेवटचे आकडे जुळले. पंचवीस हजार! दुसऱ्याच दिवशी कोल्हापूर गाठलं. स्टॉलवाल्यानं तिकीट उलटं केलं आणि मागची बारीक अक्षरं दाखवली. मुदत संपून दीड महिना झाला होता. भाच्याला विचारलं तर त्यानं नुसतं पहिलं बक्षीस बघितलं होतं म्हणे. मी म्हटलं, मग निम्मे पैसे तू भरून दे. त्यावरून बहिणीनं बोलणं टाकलंय. स्टॉलवाल्यानं कळवायला नको होतं का? सरकारकडे नोंद नसते का? की आम्ही कर्नाटकातले म्हणून आमचे पैसे गिळले? कोर्टात जाता येईल का? पुढच्या महिन्यात भाच्याच्या मुलीचं बारसं आहे. जावं की नको, आणि गेलो तरी आहेर करावा का, तेही सांगा.

उत्तर : भाऊ, बारशाला जायचं. ते आधी सांगून टाकते, कारण बाकीचं वाचून तुम्ही माझ्यावर चिडाल आणि शेवटपर्यंत येणारच नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही चौघांकडे बोट दाखवलंय : भाचा, स्टॉलवाला, महाराष्ट्र सरकार आणि सीमा. पाचवी देवी, पण तिच्यावर तुम्ही उघड काही म्हटलेलं नाही. तिकीट तेवढं तिच्या हवाली केलंत. तिकीट ज्यानं विकत घेतलं तो माणूस मात्र या यादीत कुठंच नाही. मला तर ते बक्षीस न्यायची जबाबदारी त्या एकट्याचीच दिसते. का, ते सांगते.

आधी सरकारचं. सरकारकडे नोंद नसते का, असं तुम्ही विचारलंय. नसते. स्टॉलवर तुम्ही पैसे दिले, त्यानं तिकीट दिलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मोबाईल नंबर घेतला नाही. त्या कागदावर सही होईपर्यंत तो ज्याच्या हातात त्याचा. सोडत झाल्यावर अमुक नंबराला बक्षीस लागलं एवढंच सरकारला कळतं. तो नंबर तुमच्या देव्हाऱ्यात आहे, कुणा ट्रकवाल्याच्या खिशात आहे की पंचगंगेत वाहून गेला, हे कळायला कुठलाच मार्ग नाही. बँकेत खातं असलं की पत्ता असतो, केवायसी असतं, वारसाचं नाव असतं. इथं तुमची ओळख म्हणजे तो कागद, आणि तो तुमच्याकडे आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक. ज्याला एकट्यालाच ठाऊक आहे, त्यानं नाही उठायचं तर कुणी उठायचं?

कायदाही हेच धरून चालतो. केंद्राचा 1998 चा लॉटरी नियमन कायदा आहे. राज्यानं ठरवलेल्या मुदतीत न नेलेलं बक्षीस त्या राज्य सरकारच्या मालकीचं होतं, असं त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कुणी क्लार्कनं तुमचे पैसे ढापले, कुठल्या एजंटानं परस्पर उचलले, असं काही झालेलं नाही. मुदत संपली त्या दिवशी ते बक्षीस कायद्यानंच तुमचं राहिलं नाही. मुदत प्रत्येक राज्याची वेगळी असते.  तुमच्या तिकिटावर होती ती काही अगदीच तोकडी नव्हती, हे तुमच्याच तारखांवरून दिसतंय.

इथं पुष्कळांचा एक गोंधळ असतो, तो जरा सविस्तर सोडवते, कारण तुमच्या मनातला राग मला त्यातूनच आलेला दिसतो. तुम्ही लिहिलंय 'आमचे पैसे'. आपल्या लोकांना बँकेचा अनुभव असतो. आजोबांनी सोसायटीत किंवा बँकेत ठेवलेली पावती वीस वर्षांनी ट्रंकेत सापडते आणि पैसे मिळतातही. दहा वर्षं हात न लावलेली ठेव बँकेनं रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा करायची, असा नियम 2014 पासून आहे. पण तिथं गेली तरी ती ठेव तुमचीच राहते. कागद दाखवून तुम्ही किंवा तुमचे वारस ती केव्हाही मागू शकता. अशा ठेवी शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टलही आहे. शेअरचा डिव्हिडंड सात वर्षं घेतला नाही तर सरकारी फंडात जातो, तिथूनही अर्ज करून परत आणता येतो. चेक तीन महिन्यांत वटवला नाही तर तो चेक बाद होतो, पण ज्यानं तो दिला त्याच्यावरचं देणं काही मिटत नाही, तो दुसरा लिहून देतो. या सगळ्यात पैसा मुळात तुमचा होता. तुम्ही ठेवलेला, गुंतवलेला किंवा घामाचा.

लॉटरीत तुमचा पैसा म्हणजे तिकिटाची किंमत. ती त्याच दिवशी खर्च झाली. त्या बदल्यात मिळाली ती संधी, आणि संधीबरोबर अट : लागलं तर इतक्या दिवसांत या. विक्रीकराच्या एका वादात 2006 साली सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, की लॉटरीचं तिकीट हा माल नव्हे, तो बक्षिसाच्या संधीवरचा दावा आहे. दावा करायचा असतो, भाऊ. नुसता ठेवून तो पिकत नाही.

कोर्टात जाता येईल का, याचंही उत्तर यातच आलं. जायला दार उघडं आहे, पण कशाच्या जोरावर जाल? अट तिकिटावर छापलेली होती आणि तिकीट तुमच्याकडे होतं. वकील, फेऱ्या, मूळ कागदपत्रं यांत दोन वर्षं घालवून हाती काय लागेल ते मला दिसतंय. मनाची समजूत हवी असेल तर लॉटरी कार्यालयाला मराठीत एक साधा अर्ज करा, तिकिटाची झेरॉक्स जोडा, स्पीड पोस्टानं पाठवा आणि विसरून जा. मूळ तिकीट पाठवू नका. हो म्हणतील या आशेवर ट्रॅक्टरचा हप्ता ठरवू नका.

आता सीमेचं. हे वाचून मी थांबलेच. कर्नाटकात लॉटरी 2007 पासून बंद आहे. दुसऱ्या राज्याची लॉटरी आपल्या हद्दीत विकू न देण्याचा अधिकार त्याच 1998 च्या कायद्यानं राज्यांना दिलाय. पण तुम्ही तिकीट कोल्हापुरात घेतलंत, तिथं ते सरकारमान्य आहे. तुम्ही बेळगावचे म्हणून ते नाकारलं गेलं, असं दाखवणारं तुमच्या पत्रात काहीच नाही. शाहूपुरीतला माणूस त्या दिवशी तेच तिकीट घेऊन गेला असता तर त्यालाही स्टॉलवाल्यानं तीच बारीक अक्षरं दाखवली असती. आपल्यावर अन्याय झालेला नाही असं मी म्हणत नाही, आपण सगळे त्यातच वाढलोय. पण सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्यावर अजून भरपूर ओझं आहे. त्यात तुमचं तिकीट घालू नका.

सीमेचा संबंध आहे तो निराळाच. इथं पानपट्टीवर निकालाचा कागद चिकटवलेला नसतो, स्टॉलवाला रोज नजरेस पडत नाही, शेजारीपाजारी कुणी 'निकाल लागला की' असं म्हणत नाही. कोल्हापूरच्या माणसाला आपसूक कळतं ते आपल्याला मुद्दाम बघावं लागतं. वर एखादा फलक काळा झाला, एखाद्या कंडक्टरला मारहाण झाली, की दोन्हीकडच्या बसा थांबतात आणि निपाणीच्या पुढं कोगनोळीपाशी सगळं अडकतं. नेमकी त्याच आठवड्यात मुदत संपत असली तर? म्हणून हद्द ओलांडून तिकीट घेणाऱ्यानं कोल्हापूरकरापेक्षा जास्त जागं राहायला हवं. गैरसोय आपलीच, खरं आहे. पण ती तिकीट घेतानाच ठाऊक असते.

स्टॉलवाल्याबद्दल फार लिहीत नाही. तो दिवसभरात किती जणांना तिकिटं विकत असेल! तुमचा चेहरा त्याला वर्षातून एकदा दिसतो. त्यानं मुदत संपलेलं तिकीट ठेवून न घेता, 'बघतो, पंधरा दिवसांनी या' असं न म्हणता सरळ मागची बाजू दाखवली. प्रामाणिक माणूस आहे.

सरकारवर माझाही राग आहे, तो मात्र इथं मांडते. महाराष्ट्रानं 1969 साली ही लॉटरी काढली ती लोकांना मटक्यासारख्या जुगारापासून दूर ठेवायचं कारण सांगून. मग मटक्यापेक्षा सरळ वागायचं तर बक्षिसाची रक्कम जितक्या मोठ्या अक्षरात छापता तितक्याच अक्षरात शेवटची तारीख छापायला काय हरकत आहे? 'सोडतीपासून इतक्या दिवसांत' असं छापलं की माणसानं बोटं मोजत बसायचं. सरळ तारीख छापा की! हे मी म्हणत राहीन. पण अक्षरं बारीक होती म्हणून ती नव्हतीच असं होत नाही. खताच्या पोत्यावरचं आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक तुम्ही चष्मा लावून वाचताच ना?

भाच्याकडे येते. त्याची चूक आहे. निकालाचा कागद कसा असतो ते सांगते, म्हणजे ती कशी झाली तेही कळेल. वर ठळक टायपात पहिलं बक्षीस, त्याची सिरीज, पूर्ण नंबर. माणूस तेवढं बघतो, आपलं नाही म्हणतो आणि कागद मिटतो. खरी गर्दी असते ती खाली. शेवटचे इतके आकडे जुळले तर इतके, शेवटचे तितके जुळले तर तितके, अशा ओळीच्या ओळी. लहान बक्षिसं तिथं असतात, आणि बहुतेकांना काही लागलं तर तेच लागतं. मोबाईलच्या पडद्यावर ते बोटांनी मोठं करून, एकेका ओळीशी आपला नंबर लावून बघावं लागतं. तुमच्या लेकीनं तसं बघितलं. भाच्यानं नाही. कामावर होता की घाईत होता कोण जाणे. 'मी फक्त पहिलं बघितलंय' एवढं त्यानं लिहायला हवं होतं.

पण निम्मे पैसे? कशाबद्दल? त्यानं तुमच्याकडून काही घेतलं नव्हतं. लागलं असतं तर तुम्ही त्याला निम्मे देणार होता का? तसं पत्रात कुठं दिसलं नाही. नफ्यात नसलेल्या माणसाला तोट्यात धरायचं, हा कुठला हिशेब? तो एका फोटोवरून केलेला फुकटचा उपकार होता आणि उपकार अर्धवट झाला. फार तर 'लेका, नीट बघायचं नाहीस होय' म्हणून कान धरा. तिकीट, त्याच्या मागची अक्षरं आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिन्ही तुमच्या घरात होती. त्याला तुम्ही फक्त पुढची बाजू पाठवली होती, हेही विसरू नका.

आणि भाऊ, हिशेब करायचाच तर पुरा करा. दहा हजारांच्या वर लॉटरी लागली की 30 टक्के कर तिथंच कापून हातात देतात. पंचवीस हजारांतले साडेसात हजार तिथंच गेले असते, वर कराच्या चार टक्के सेस. उत्पन्न कमी आहे म्हणून सूट मिळत नाही, आणि इतकी वर्षं घेतलेल्या तिकिटांचा खर्चही वजा धरत नाहीत. म्हणजे हुकले ते सतरा हजार आणि वर काहीशे. तुम्ही भाच्याकडे साडेबारा मागत होता.

आता एक विचारते. पाच महिने ते तिकीट तुम्ही स्वतः एकदाही का काढून बघितलं नाही? मोबाईल घरात आहे, लेक घरात आहे. मला वाटतं, न बघितलेल्या तिकिटात गंमत असते. बघितलं की ते संपतं. लागलं नाही हे कळण्यापेक्षा देवीच्या फोटोमागं काहीतरी आहे, ही भावना बरी वाटते. कितीतरी लोक असं करतात, मी नावं ठेवत नाही. पण मग त्या भावनेची किंमत कधीतरी मोजावी लागते, आणि यंदा ती तुमच्या वाट्याला आली. ती बहिणीकडून वसूल करता येणार नाही.

पुन्हा तिकीट घेणारच नाही असं तुम्ही लिहिलेलं नाही आणि मीही तसा उपदेश करत नाही. वर्षाला एक तिकीट घेऊन कुणाचं शेत जात नाही. घ्याल तेव्हा स्टॉलवरच उलटं करून मागचं वाचा, न कळलं तर त्यालाच विचारा. शेवटची तारीख काढून घरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात 'कोल्हापूर' असं लिहा. तिकिटाच्या मागं नाव, पत्ता, सही करून टाका, म्हणजे हरवलं तर दुसऱ्याला सहज वापरता येणार नाही. देव्हाऱ्यात ठेवायचं तर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. हळदीकुंकवाची बोटं आणि समईचं तेल लागून नंबर पुसला, तर वेळेत जाऊनही हात हलवत परत याल. फाटलेलं, खाडाखोड झालेलं तिकीट कुणी घेत नाही. निकाल महाराष्ट्र राज्य लॉटरीच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा, सगळा, खालपर्यंत. आणि सोडतीच्या आठवड्यातच बघा. घोड्यांच्या रेसला टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीवर, लावलेल्या पैजेच्या तिकिटाचंही असंच असतं. बंगळूरला किंवा पुण्याला जाणारा कुणी घरात असेल तर त्यालाही सांगा.

मटक्याच्या चिठ्ठीबद्दल मात्र असं काहीच सांगता येत नाही. तो मुळातच बेकायदा, आणि पैज लावण्याचा करार 1872 च्या करार कायद्यानं रद्दबातल धरलाय, म्हणून जिंकलात तरी मागायला जागा नाही. मोबाईलवर पैसे लावायचे खेळ 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंद केलेत. कुणी 'त्यात पैसे आपोआप खात्यात येतात, मुदतीची भानगड नाही' असं सांगायला आला, तर ऐकू नका.

आणखी एक जण येईल, तो अजून आला नसेल तर येईलच. तुमचं तिकीट हुकल्याची गोष्ट एव्हाना गावभर झाली असणार. 'मुंबईत आपली ओळख आहे, जुन्या तारखेत क्लेम टाकतो, आधी दोन हजार द्या' असं तो म्हणेल. किंवा व्हॉट्सअॅपवर सरकारी शिक्क्याचं पत्र येईल, प्रोसेसिंग फी भरा म्हणून. कर बक्षिसातून कापला जातो, बक्षीस मिळण्याआधी खिशातून भरायला कुणी सांगितलं की तो चोर समजा. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथंही दिरंगाई केलीत तर पैसे हाती लागत नाहीत.

बहिणीला फोन तुम्हीच करायचा, वहिनींना करायला लावू नका. फार बोलू नका. 'निम्मे मागितले ते चुकलं' एवढं म्हणा आणि बारशाला किती वाजता यायचं ते विचारा. भाच्याला तिथं समोरासमोर काही ऐकवू नका, निदान पाळणा म्हणून होईपर्यंत तरी. आहेर जो ठरवला होता तेवढाच करा. 'तिकिटाचे कापून घेतले' असं गमतीनंसुद्धा म्हणू नका, तुमच्या बहिणीला ती गंमत एवढ्यात कळायची नाही.